ओट्यावरून खाली या

गणपती गेले, नवरात्र उरकलं, पोरांची सहामाही संपत आली. म्हणजे आता घरोघरी पुढचा प्रश्न ठरलेला : यंदा फराळाचं काय? संध्याकाळी दादरला रानडे रोडवरून चाललात तर तो कानावर पडतोच. "आम्ही बाई सगळं बाहेरूनच आणतो," असं एक म्हणते, आणि दुसरी "चकल्या तरी मी घरीच करते" असं जरा मान ताठ करून सांगते. मला त्या वादात पडायचं नाही. विकतचा फराळ आणणं हे काही पाप नाही. लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा माझ्या चिवड्यापेक्षा चांगला असतो हे मी वीस वर्षांपूर्वीच मान्य करून टाकलं आणि तेव्हापासून दर दिवाळीला तिथूनच आणते. माझं मागणं वेगळं आहे. यंदा एक पदार्थ, एकच, घरी करा. तो पोरांना घेऊन करा. आणि खाली बसून करा.

यातल्या 'खाली बसून' यावर माझा सगळा जोर आहे.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात स्वयंपाक. फराळ मात्र कोपऱ्यात मावायचा नाही, तो खोलीच्या मधोमध मांडला जायचा. बाबा पहिल्या पाळीवरून आले की चहा घेऊन गॅलरीत जायचे, कारण आत त्यांना पाय ठेवायला जागा नसायची. आई, शेजारच्या दोन मावश्या, समोरच्या आजी अशा गोल बसायच्या. आज आमच्याकडे, उद्या मावशींकडे. करंज्या हे एकटीने उरकायचं काम नव्हेच. एकीने लाटायचं, दुसरीने सारण भरायचं, तिसरीने कातण फिरवायची, आणि सगळ्यांत अनुभवी बाई कढईपाशी.

त्यात माझं पहिलं काम, मी पाच वर्षांची असताना, 'फडकं सांभाळणं' हे होतं. भरलेली करंजी तळायला जाईपर्यंत उघडी राहिली की सुकते, सुकली की तेलात उकलते. म्हणून ताटातल्या करंज्यांवर ओलं, पिळलेलं फडकं घालतात. नवी करंजी आली की फडक्याचं टोक उचलायचं, करंजी आत सरकवायची, टोक परत टाकायचं. फडकं वाळायला लागलं तर ओरडून सांगायचं. बस्स. पण माझ्यामुळे करंजी फुटली असती, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी दोन तास जागची हलले नाही.

आम्हाला कुणी मुद्दाम 'सहभागी' करून घेतलं नव्हतं. जायला दुसरी जागाच नव्हती. सगळा कारभार आमच्या नाकासमोर, आमच्याच उंचीवर चालायचा. हात आपोआप परातीत जायचा.

मग घरं बदलली, ओटे आले. ओटा जमिनीपासून पावणेतीन ते तीन फूट उंच. बाईच्या कंबरेला त्याने फार सुख दिलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सहा वर्षांचं पोर ओट्यापाशी उभं करून बघा. ओट्याची कड त्याच्या छातीला लागते आणि शेगडीवरची कढई बरोबर तोंडासमोर येते. अशा ठिकाणी कुठलीही आई "ये रे मदतीला" म्हणणार नाही. ती "लांब हो" असंच म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. वर्षानुवर्षं 'लांब हो' ऐकलेलं पोर तेराव्या वर्षी लांबच असतं. तेव्हा आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना कशात रस नाही.

जुनं सगळं चांगलं होतं असंही मी म्हणणार नाही. जमिनीवरच्या पंपाच्या स्टोव्हने किती घरांत अपघात केले ते आमच्या पिढीला माहीत आहे. शेगडी ओट्यावरच राहू द्या. बाकीचं सगळं खाली आणा : परात, पोळपाट, डबे, वाट्या, आणि स्वतःला. गुडघे दुखत असतील तर पाट घ्या, नाहीतर बुटकं स्टूल. खाली जुनी चादर, तिच्याखाली वर्तमानपत्रं. पदार्थ मात्र थेट कागदावर ठेवू नका, छपाईची शाई लागते.

कुठला पदार्थ, ते घरावर सोपवते. पण पहिलंच वर्ष असेल तर शंकरपाळे करा. याचं माप लहान मुलाला एकदा सांगितलं की जन्मभर राहतं : एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि मावेल तितका मैदा. दूध, तूप, साखर गरम करायची, साखर विरघळली की उतरवून निववायची. इथपर्यंत तुम्ही. पुढे पोरांचं राज्य. मैदा थोडा थोडा घालत जायचा आणि 'मावला का?' हे त्यांनी ठरवायचं. या 'मावेल तितका'मध्ये सगळं शिक्षण आहे. पहिल्यांदा पीठ बोटांना चिकटतं, मग अचानक एका क्षणी परातीपासून सुटतं. ते सुटणं बोटांनाच कळतं, दुसऱ्या कुणाला सांगून कळत नाही.

आपल्या आज्या 'अंदाजाने' करायच्या आणि विचारलं की "हाताला कळतं" म्हणायच्या. नव्या हाताला कुठून कळणार? कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरात गेलं, त्याचं एक मोठं कारण हेच की त्यांनी माप वाटी-चमच्यात दिलं. पोरांनाही वाटी द्या. तीच वाटी सगळ्याला. मापात चुकलं तर दुसऱ्या दिवशी सुधारता येतं. अंदाजात चुकलं तर काय चुकलं हेच कळत नाही.

शंकरपाळ्यांचं नाव घेतलं की मला १९८२ आठवतं. त्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि दिवाळीपर्यंत मिटला नव्हता. आमच्याकडे त्या वर्षी चार डबे नाही, एकच पदार्थ झाला, शंकरपाळे. तेही तुपाऐवजी डालडा आणि मैद्याऐवजी रेशनच्या गव्हाची कणीक. बाबा घरीच होते. गॅलरीत तरी किती वेळ उभं राहणार? ते येऊन परातीपाशी बसले आणि आईच्या हातातली कातण घेतली. गिरणीच्या साचेखात्यात उभं आयुष्य गेलेला माणूस. त्यांची रेघ इकडची तिकडे झाली नाही. सगळे शंकरपाळे एका मापाचे. आई बघतच राहिली. "एवढी वर्षं सांगितलं का नाही, हे येतं म्हणून?" बाबा म्हणाले, "कुणी विचारलं?"

तर बाप्येमाणसांनाही खाली बसवा, आणि मुलग्यांना तर आधी. घरात बहीणभाऊ असतील आणि बहिणीला करंज्या आणि भावाला आकाशकंदील अशी वाटणी होत असेल तर ती आजच मोडा. दोघांनी दोन्ही करावं.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

माझा मुलगा सात वर्षांचा असताना गणपतीच्या सकाळी त्याने एक मोदक केला. पारी एका बाजूला जाड, दुसरीकडे फाटलेली, जेमतेम पाच कळ्या, आणि टोक भलतीकडेच वळलेलं. गुरुजी येऊन बसले होते, पाहुणे वाटेत होते. मी तो मोदक उचलला, मोडला, नीट वळून चाळणीत ठेवला. दहा सेकंदांचं काम. तो बघत होता. काही बोलला नाही. हात धुतले आणि बाहेर जाऊन बसला. पुढची दोन वर्षं गणपतीत त्याला बोलावलं की उत्तर यायचं, "तूच कर आई, तुझे छान होतात." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागायचं.

त्याला परत आणलं ते माझ्या सासूबाईंनी, आणि तेही निवगऱ्यांनी. मोदक झाले की थोडी उकड उरतेच. त्यात त्यांनी वाटलेली हिरवी मिरची, जिरं, मीठ घातलं, परात त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "याचं कर काहीतरी, मला उकडायचंय." निवगरीला ठरलेलं रूप नाही. गोळा दाबून चपटा केला, वाफवला, वर तेलाचा थेंब घातला की झाली. चुकायला वावच नाही. त्याने साप केले, नाणी केली, एक कासव केलं. सगळं उकडलं आणि सगळं संपलं. मोदकाला तो पुढच्या वर्षी आपणहून बसला.

तेव्हा हा एकच नियम मी सगळ्या आयांना, आज्यांना आणि विशेषतः नीटनेटक्या बायकांना हात जोडून सांगते : पोराने वळलेलं परत वळायचं नाही. त्याचा लाडू लिंबाएवढा असेल, त्याच्या बहिणीचा बोराएवढा. डब्यात तसेच भरायचे. नैवेद्याच्या एकवीस मोदकांतही त्याचा एक असू दे. कळ्या मोजायला बाप्पा बसलेला नाही. अपवाद एकच, करंजीची कड. ती नीट दाबलेली नसेल तर तेलात उकलते, सारण बाहेर येऊन जळतं आणि तेल उडतं. तिथेही करंजी आपल्या हातात न घेता "इथे अजून एकदा दाब" एवढंच सांगायचं.

तेलाचा विषय निघालाच आहे तर तो स्पष्ट बोलून घेऊ. दहा-बारा वर्षांखालच्या मुलाने तळणाला हात लावायचा नाही, कितीही हट्ट केला तरी. स्वयंपाकघरात शेगडीपासून चार-पाच फुटांवर रांगोळीची एक रेघ ओढा. तिच्या पलीकडे एकच मोठं माणूस, ओढणी-पदर खोचून. ओला हात, ओला झारा कढईपाशी नको. पाण्याचा थेंबसुद्धा तेल उडवतो. कढई झाकेल एवढं ताट हाताशी असू द्या. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद आणि वर ताट, पाणी चुकूनही नाही. हे पोरांनाही समजावून सांगा. घाबरवायला नव्हे, माहीत असलेलं पोर रेघ ओलांडत नाही, आणि भाऊ ओलांडायला लागला तर सगळ्यांत आधी तेच बोंब मारतं.

तेलाशिवाय करण्यासारखं इतकं आहे की हात कमी पडतात. वेलदोडे सोलणं आणि साल चहाच्या डब्यात टाकणं हे चार वर्षांच्या मुलाचं काम. पोह्यांतले खडे-तूस निवडणं, भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं फुंकून उडवणं (हे गॅलरीत, नाहीतर आठवडाभर घर झाडाल). बेसन भाजायला नको, पण कोमट झालेल्या मिश्रणाचे लाडू वळायला सात-आठ वर्षांचे हात उत्तम. सोऱ्या एकट्याच्याने दाबत नाही. एकाने धरायचा, एकाने फिरवायचा. भावंडांचं भांडण थांबवायला याहून चांगलं यंत्र मला माहीत नाही.

आणि अनारसे करणार असाल तर त्याचं सगळ्यांत महत्त्वाचं काम पोरांकडे द्या : पाणी बदलणं. तांदूळ तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलावं लागतं. शाळेतून आलं की दप्तर ठेवायचं आणि आधी पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्या पाण्याला आंबूस वास येतो. मुलं नाक मुरडतात आणि तरी रोज हुंगतात. मग तांदूळ फडक्यावर कोरडे करून, दळून, गूळ घालून पीठ मुरायला ठेवायचं. "झालं का?" "नाही." "आज?" "नाही." ज्या पिढीला दहा मिनिटांत दारात जेवण येतं, तिला आठवडाभर एका डब्याची वाट बघायला लावणारा पदार्थ घरात दुसरा कुठला आहे?

एकदा तरी पोरांना गिरणीतही न्या. मी गिरणी म्हटलं की मला भोंगा ऐकू येतो. माझ्या मजल्यावरच्या पोरांना फक्त पिठाची गिरणी माहीत, आणि परळ-लालबागच्या टॉवरांच्या गर्दीत तीही हल्ली शोधावी लागते. भाजणीचा गरम डबा पोटाशी धरून घरी येणं, केसांवर पिठाची पूड, आणि मोदकाची पिठी दळायची असेल तर "तांदळावरच दळा हं काका" असं आईऐवजी स्वतः सांगणं. का, तर आधीच्या दळणाचं पीठ त्यात येऊ नये. माझ्या शेजारच्या मुलीने त्यावर विचारलं, पोळीची कणीक गार पाण्याने भिजते, मग मोदकाच्या पिठीला उकळतं पाणी का? कारण गव्हात चिकटपणा धरणारं ग्लुटेन असतं, तांदळात ते नाही. उकळत्या पाण्यात तांदळाचं पिष्ट फुगतं आणि मग पीठ एकमेकाला धरून राहतं. हे तिला शाळेच्या पुस्तकातून कळलं असतं की नाही कोण जाणे. शाळांमध्ये 'विनाअग्नी पाककृती' नावाच्या स्पर्धा असतात. आदल्या रात्री आया जागून बिस्किटांवर क्रीमची फुलं काढतात आणि सकाळी पोरं ती प्लेट धरून उभी राहतात. बक्षीस बहुधा आईलाच मिळतं, नाव पोराचं.

पोरांना काम आवडत नाही, हे मला पटत नाही. दिवाळीत इमारतीखाली किल्ला करताना बघा त्यांना. माती आणायची, गोणपाट भिजवायचं, अळीव पेरायचं, त्यावर पाणी शिंपडायला सकाळी सहाला उठायचं. कुणी सांगतं का? नाही. कारण किल्ला त्यांचा असतो. वाकडा बुरूज त्यांचा, मावळ्यांपेक्षा वाघ मोठा झाला तर तोही त्यांचाच. फराळातही एक डबा असा त्यांचा हवा. त्यावर नाव त्यांचं, आणि तो उघडायचा की नाही हे ठरवणं त्यांचं.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. गिरगावात खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियन घरांत नाताळच्या आधी कुलकुल होतात. मैद्याच्या पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर, नाहीतर कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळायची. शंखासारखी रेघारेघांची गुंडाळी होते. शेकडो करायच्या असतात, म्हणून घरातलं एकही पोर सुटत नाही. शाळेतल्या मैत्रिणीकडे मी एकदा बसले होते. तिथे जमीन नव्हती, टेबल होतं. पण मुद्दा तोच : आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांची कोपरं एका उंचीवर.

याच गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. पापड लाटायला त्यांना कुणी शिकवणी लावली नसणार. आमच्याकडे पापड हे मे महिन्याच्या सुट्टीतलं काम, आणि पोरांची मजुरी ठरलेली, तेलात बुडवलेली कच्ची लाटी. दहा पापड वाळत घातले की एक लाटी. आम्ही हिशेबात कधी फसलो नाही.

नोकरी करणाऱ्या बायकांनी हे वाचून "तुम्हाला काय जातंय सांगायला" म्हणू नये म्हणून सांगते : दीड तास पुरे. शनिवारी दुपारी. अर्ध्या किलो मैद्याचं, त्याहून जास्त नको. वीस मिनिटांनी पोरगं उठून गेलं तर जाऊ द्या; तळणाचा वास सुटला की येतं. शेजारचं एखादं पोर बोलवा, पाहुण्यापुढे आपलं पोर कामचुकारपणा करत नाही. खेळण्यातली भातुकली देऊ नका. छोटा पण खरा पोळपाट, खरं लाटणं आणा, दादर स्टेशनबाहेर किंवा तांबाकाट्याला मिळतं. फोटो काढायचा तर शेवटी; पिठाच्या हातांनी फोनकडे बघायला लावलं की पोर काम सोडून अभिनय करायला लागतं. आणि पसारा होणार. झाडून काढणं हेही त्यांच्याच कामात धरा, पण केरसुणी त्यांच्या हातात देऊन लगेच काढून घेऊ नका.

फराळाचं ताट शेजारी पाठवताना विकतच्या चकल्यांशेजारी ते वाकडे शंकरपाळे ठेवा, आणि ताट घेऊन पोरालाच पाठवा. शेजारीण विचारेल, "कुणी केले ग हे?" त्याचं उत्तर तुम्ही आतून ओरडून देऊ नका.

आणि हो, या महिन्यात रद्दीवाल्याला परत पाठवा. कागद लागतील.